वीज येते त्याच तारेतून इंटरनेट का येत नाही?

सोसायटीच्या बैठकीत फायबरवाला जिन्यातून नवी वायर ओढायची परवानगी मागतो, तेव्हा एखादे काका हमखास विचारतात, ‘अहो, लाइटची वायर प्रत्येक खोलीत गेलेलीच आहे की! मग तुमचं नेट त्यातूनच का नाही सोडत?’ बाकीचे गालातल्या गालात हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका इथल्या वीज कंपन्यांना हाच प्रश्न पडला होता आणि त्याचं उत्तर शोधण्यात त्यांनी १९९७ पासून पुढची बारा-तेरा वर्षं बक्कळ पैसा घातला.

काकांना द्यायचं थोडक्यात उत्तर असं, की नेट विजेच्या तारेतून येतं, बऱ्यापैकी वेगाने येतं. पण ते तारेतच राहत नाही, ही पहिली अडचण. दुसरी अडचण डीपीची, म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावर गुणगुणत उभ्या असलेल्या ट्रान्सफॉर्मरची.

१. एका तारेत दोघांचा संसार

घरातल्या सॉकेटमधला विजेचा दाब सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतो. यालाच ५० हर्ट्झ म्हणतात. एक हेलकावा पुरा व्हायला २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. माणसाला हे झटपट वाटतं. इंटरनेटच्या हिशेबात हा वेळ भलताच मोठा आहे. ब्रॉडबँडचा संदेश विजेच्या तारेवर चढवायचा तर साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झ वारंवारता वापरतात. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख हेलकावे. १० मेगाहर्ट्झचा संदेश घेतला, तर विजेचा एक हेलकावा पुरा होईपर्यंत संदेशाचे दोन लाख झालेले असतात.

हे दोघे एका तारेत एकमेकांना धक्का न लावता कसे नांदतात? दिंडी रस्त्याने जाते तेव्हा पखवाजाचा घुमारा आणि टाळांचा किणकिणाट एकाच हवेतून कानावर येतात. तरी कान दोन्ही वेगळे ओळखतो, कारण एकाची कंपनं संथ, दुसऱ्याची जलद. विजेच्या तारेत कानाचं काम कपॅसिटर नावाचा स्वस्त, साधा घटक करतो. तो संथ बदलाला अडवतो आणि जलद बदलाला वाट देतो. त्यामुळे ५० हर्ट्झची २३० व्होल्टची वीज अलीकडेच थांबते आणि तिच्या अंगावर बसून आलेली मेगाहर्ट्झची बारीक थरथर तेवढी यंत्रात शिरते. मोबाइलच्या चार्जरएवढ्या डबीत हे सगळं मावतं.

२. कल्पना शंभर वर्षांची

ही युक्ती इंटरनेटसाठी निघाली, असं मात्र नाही. अमेरिकी लष्कराच्या संदेशवहन विभागाचे प्रमुख राहिलेले मेजर जनरल जॉर्ज स्क्वायर यांनी १९२०च्या दशकात तारांवरून घरोघर कार्यक्रम ऐकवण्याची कल्पना विजेच्या तारांपर्यंत नेली. वीज कंपनी बिल पाठवतेच, त्यातच संगीताचेही पैसे लावायचे, असा बेत होता. तेवढ्यात हवेतून फुकट येणारा रेडिओ घरोघर पोचला आणि विकतच्या गाण्यांचं घरातलं गिऱ्हाईकच गेलं. स्क्वायर यांच्या त्या उद्योगातून १९३४ साली ‘म्यूझॅक’ नावाची कंपनी उभी राहिली. पुढे हॉटेलांत, दुकानांत आणि कचेऱ्यांत मागे मंद वाजत राहणारं संगीत ही तिची ओळख झाली.

वीज मंडळांनी मात्र हे तंत्र आपल्या कामासाठी मनापासून उचललं. दोन सबस्टेशनांमध्ये शेकडो किलोमीटर अंतर, मध्ये डोंगर, जंगल. टेलिफोनची वेगळी लाइन टाकायची तर खर्च आणि ती तुटणार ते वेगळंच. उच्च दाबाची वीजवाहिनी तर दोन्ही टोकांना जोडतेच. मग तिच्यावरूनच बोलायचं. याला ‘पॉवर लाइन कॅरिअर’ म्हणतात आणि भारतातल्या वीज खात्यात काम केलेल्या जुन्या माणसांना ‘पीएलसीसीचा फोन’ चांगला आठवतो. हमरस्त्याला लागून असलेल्या मोठ्या सबस्टेशनच्या आवारात नजर टाकली, तर काही ठिकाणी वाहिनीच्या टोकाशी पिंपाएवढी एक गुंडाळी टांगलेली किंवा खांबावर बसवलेली दिसते. तो ‘वेव्ह ट्रॅप’. वाहिनीवरून आलेला संदेश सबस्टेशनच्या यंत्रसामग्रीत हरवू नये म्हणून ही गुंडाळी त्याला तिथेच अडवते आणि वीज मात्र पुढे जाऊ देते.

इथे वारंवारता काहीशे किलोहर्ट्झच्या आतली, आणि वाहून न्यायचं ते फार तर एखादं संभाषण किंवा ‘ब्रेकर पाड’ असा हुकूम. वेगाची भूक नव्हती, म्हणून जमलं. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

३. मँचेस्टरचे बोलके दिवे

१९९७ साली नॉर्टेल ही दूरसंचार कंपनी आणि इंग्लंडच्या वायव्य भागातली नॉरवेब ही वीज कंपनी यांनी जाहीर केलं, की विजेच्या तारेवरून सेकंदाला १ मेगाबिट वेगाने इंटरनेट देता येतं. आज हा आकडा वाचून कोणी वळूनही पाहणार नाही. पण तेव्हा घरचं इंटरनेट म्हणजे फोन अडवून कुंईकुंई करणारा मोडेम, आणि त्याचा वेग फार तर ५६ किलोबिट. म्हणजे एकदम अठरापट उडी, तीही रस्ता न खोदता. मँचेस्टरजवळच्या सीमोर पार्क प्राथमिक शाळेत चाचणी झाली, वर्तमानपत्रांत रकाने भरले. आणि १९९९मध्ये दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

हा डाव आवरण्यामागे बाजाराची गणितं होतीच. पण बातम्यांत गाजले ते रस्त्यावरचे दिवे. तारेत सोडलेला संदेश दिव्याच्या खांबांतून रेडिओलहरी बनून बाहेर पडतो, अशी तक्रार होती. खांबाने असं का करावं? यासाठी शाळेतलं एक सोपं सूत्र पुरतं. ३००ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागलं, की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते.

१० मेगाहर्ट्झसाठी ३०० भागिले १०, म्हणजे ३० मीटर. ॲंटेना म्हणून तार उत्तम काम करते ती तिची लांबी लहरीच्या निम्मी किंवा पाव असते तेव्हा. ३० मीटरचा पाव म्हणजे साडेसात मीटर. रस्त्यावरच्या दिव्याचा खांब साधारण तेवढाच उंच असतो आणि त्याच्या पोटातून तार वर गेलेली असते. कोणी मुद्दाम ॲंटेना बांधायला घेतली असती, तरी याहून फार वेगळी बांधली नसती.

आता हेच सूत्र ५० हर्ट्झच्या विजेला लावावं. लहरीची लांबी निघते ६,००० किलोमीटर. तिच्यापुढे गल्लीतली शे-दोनशे मीटर तार म्हणजे काहीच नाही, म्हणून वीज तारेतून निमूट जाते, हवेत पसरत नाही. तार तीच असते. फरक तिच्यावरून काय नेतो त्यात आहे.

मग टेलिफोनच्या तारेतून ब्रॉडबँड कसं येत होतं? तिथे दोन तारा एकमेकींना पीळ देऊन वळलेल्या असतात. एकीतून बाहेर पडू पाहणारी लहर दुसरीच्या उलट्या लहरीने तिथल्या तिथे मारली जाते. विजेच्या खांबांवर तारा हात-दोन हात अंतर राखून मोकळ्या धावतात, आणि घरात फेजची तार बटणाकडे जाते तेव्हा न्यूट्रल तिच्या सोबत असतेच असं नाही. ही जोडणी केली त्या वायरमनचा यात दोष काही नाही. त्याला दिवा लावायचा होता, तो लागला.

४. मिक्सर आणि मीडियम वेव्ह

गळती दोन्ही बाजूंनी होते. ज्यांच्या घरी ट्रान्झिस्टर होता त्यांना आठवत असेल, की स्वयंपाकघरात मिक्सर फिरायला लागला की आकाशवाणीच्या मीडियम वेव्हवर खरखर सुरू व्हायची. मिक्सरच्या मोटरमधले कार्बनचे ब्रश ठिणग्या पाडतात. त्या ठिणग्यांचा गोंगाट विजेच्या तारेत शिरतो आणि तिथून हवेत. त्याच तारेत इंटरनेट असेल, तर हा गोंगाट थेट त्याच्या अंगावर येतो. पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्तातला एलईडी दिवा, लॅपटॉपचा चार्जर, सगळे आपापला सूर लावतात. त्यात ही मैफल दर तासाला बदलते. सकाळी आठला चटण्या वाटल्या जात असतात, दुपारी सामसूम, संध्याकाळी पुन्हा गजबज. टेलिफोनची किंवा फायबरची तार एकदा तपासली की तिचा स्वभाव कळतो. विजेच्या तारेचा स्वभाव कोणी फ्रिज लावला तरी बदलतो.

इंजिनिअरांनी यावर काढलेला तोडगा खरोखर देखणा आहे. सगळी माहिती एकाच वारंवारतेवर लादायची नाही. २ ते २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेकडो बारीक वाटा पाडायच्या आणि माहितीचे तुकडे करून प्रत्येक वाटेवरून थोडं थोडं पाठवायचं. यंत्र सतत चाचपून बघतं: ही वाट आत्ता साफ आहे, इथून जास्त पाठवू, त्या वाटेवर मिक्सरचा धुरळा आहे, तिथून कमी, तिसरी पार बंद, तिला सोडून देऊ. २००५मध्ये आलेल्या ‘होमप्लग एव्ही’ या मानकात अशा अकराशेहून अधिक वाटा होत्या. हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्यांत येणाऱ्या वाटा मुळातूनच बंद ठेवल्या, तरी नऊशेच्या वर उरत.

५. हॅम मंडळींचा लढा

हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, या कथेत वारंवार येतात. २ ते ३० मेगाहर्ट्झ हा लघुलहरींचा पट्टा. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परत फिरतात, म्हणून थोड्या वॅटच्या संचावरूनही हजारो किलोमीटर दूर बोलता येतं. हॅम, जहाजं, लांब पल्ल्याची विमानं, लष्कर, सगळ्यांची वस्ती इथेच. हॅमचा संच पलीकडून येणारी अतिशय क्षीण कुजबुज ऐकत असतो आणि घरासमोरची वीजतार मध्येच बडबडू लागली, तर ती कुजबुज संपलीच.

ऑक्टोबर २००४मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने विजेच्या तारांवरच्या ब्रॉडबँडसाठी नियम मंजूर केले. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्याच वर्षी २००७पर्यंत देशात सर्वत्र ब्रॉडबँड पोचवण्याची घोषणा केली होती, आणि वीज तर प्रत्येक शेतघरात होतीच. अमेरिकी हॅमांची संघटना विरोधात उभी राहिली. हॅम म्हणजे रिकामटेकड्यांचा छंद, असं म्हणून तिला उडवून लावणं सोपं होतं. पण दोनच महिन्यांनी, डिसेंबर २००४च्या त्सुनामीत, पोर्ट ब्लेअरमध्ये योगायोगाने मुक्कामाला असलेल्या भारतीय हॅमांच्या चमूने अंदमानच्या बातम्या मुख्य भूमीपर्यंत पोचवल्या. फोन तेव्हा बंद पडले होते.

संघटना कोर्टात गेली. कमिशनने ज्या तांत्रिक अभ्यासांवर नियम आधारले होते, ते खुले करताना काही भाग झाकून ठेवला होता. एप्रिल २००८मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हे चालणार नाही, असं बजावलं: अभ्यासावर विसंबायचं तर तो पूर्ण दाखवा. निकालाने तंत्रज्ञान बंद पडलं नाही. पण तोवर त्याचा दम दुसऱ्याच कारणाने उखडत आला होता.

६. डीपीचा हिशेब

ट्रान्सफॉर्मर बनवलेला असतो ५० हर्ट्झसाठी. मेगाहर्ट्झचा संदेश त्याच्या गुंडाळ्यांमधून धडपणे पार होत नाही. म्हणून ११ हजार व्होल्टच्या लाइनवरून आलेलं इंटरनेट डीपीला वळसा घालून पलीकडच्या तारेत सोडावं लागतं, आणि त्यासाठी प्रत्येक डीपीवर एक यंत्र बसवावं लागतं.

समजा, असं एक यंत्र बसवण्याचा खर्च ५० हजार रुपये आहे आणि दहातलं एक घर गिऱ्हाईक होतं. (दोन्ही आकडे सोयीसाठी धरलेले.) युरोपात किंवा भारतीय शहरात एका ट्रान्सफॉर्मरवर २०० घरं सहज असतात. म्हणजे २० गिऱ्हाइकं. प्रत्येकामागे अडीच हजार. परवडलं. अमेरिकेत उच्च दाबाची लाइन घराच्या अगदी जवळ आणतात आणि खांबावरचा छोटा ट्रान्सफॉर्मर पाच-सहा घरांपुरता असतो. सहा घरांतून गिऱ्हाईक किती? अर्ध्याच्या थोडं वर. प्रत्येकामागे ८० हजारांच्या पुढे. गावाबाहेरच्या शेतघराला तर ट्रान्सफॉर्मर एकट्याचाच. ज्या खेड्यांच्या नावाने ही योजना मिरवली गेली, तिथेच ती सर्वांत महाग पडत होती.

आणि युरोपातही हिशेब सरळ नव्हता. एका डीपीवर २०० घरं म्हणजे तारा लांब. संदेश तेवढ्या अंतरात विरत जातो, म्हणून मध्ये पुन्हा बळ देणारी यंत्रं आली. शिवाय ती २० गिऱ्हाइकं एकच तार वाटून घेणार, म्हणजे संध्याकाळी सगळे एकदम बसले की वेग वाटला गेला. जर्मनीतल्या आरडब्ल्यूई या बलाढ्य वीज कंपनीने २००१मध्ये सेवा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती बंद केली.

अमेरिकेतला सर्वांत गाजलेला प्रयोग व्हर्जिनियातल्या मनासस शहराचा. वीजपुरवठा नगरपालिकेच्याच हाती, गाव आटोपशीर. २००५मध्ये संपूर्ण शहराला तारेवरून इंटरनेट देणारं पहिलं गाव म्हणून त्याचा गवगवा झाला. २०१०मध्ये नगर परिषदेने सेवा बंद करायचं ठरवलं, तेव्हा गिऱ्हाइकं पाचशेच्या आसपास उरली होती. फोन आणि केबल कंपन्यांचा वेग दरम्यान कुठल्या कुठे गेला होता.

डॅलसची कथा याहून बोलकी. २००५मध्ये करंट कम्युनिकेशन्स या कंपनीने तिथल्या वीज कंपनीशी वीस लाख घरं-दुकानांपर्यंत पोचण्याचा करार केला. गूगलसारख्या गुंतवणूकदाराचं पाठबळ कंपनीला होतं. २००८मध्ये हे अपुरं जाळं ऑनकॉर या वीज वितरण कंपनीनेच सुमारे ९ कोटी डॉलरला विकत घेतलं. इंटरनेट विकण्यासाठी नव्हे. कुठे तार तुटली, कुठे ट्रान्सफॉर्मरवर ताण आला, हे घरबसल्या कळावं म्हणून.

७. कमी मागितलं तिथे भरपूर मिळालं

ऑनकॉरने जे ओळखलं ते इटलीत एनेल कंपनीने आधीच करून दाखवलं होतं. २००१पासून पुढच्या काही वर्षांत तिने सुमारे तीन कोटी वीजमीटर बदलले आणि त्यांचं वाचन विजेच्याच तारेवरून घेतलं. फ्रान्सने २०१५ ते २०२१ या काळात ‘लिंकी’ नावाचे साडेतीन कोटी मीटर याच पद्धतीने बसवले. मीटरला सांगायचं असतं किती? चार आकडे. तेवढ्यासाठी १०० किलोहर्ट्झच्या आसपासची संथ वारंवारता पुरते. मघाचं सूत्र पुन्हा लावून पाहावं: १०० किलोहर्ट्झ म्हणजे ०.१ मेगाहर्ट्झ; ३०० भागिले ०.१, तीन किलोमीटर लांबीची लहर. साडेसात मीटरचा दिव्याचा खांब तिच्यासाठी ॲंटेना होऊच शकत नाही. भारतात सध्या बसणारे स्मार्ट मीटर मात्र बहुतेक मोबाइल नेटवर्कवरून किंवा रेडिओवरून बोलतात. आकडे टाकलेल्या आणि दहा ठिकाणी जोड दिलेल्या आपल्या तारा पाहिल्या, की ही निवड चुकीची वाटत नाही.

घराच्या चार भिंतींतही हे तंत्र टिकून आहे. राउटर हॉलमध्ये आणि मुलांची खोली दोन जाड भिंतींपलीकडे असेल, तर पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी कामाला येते: एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरा खोलीत. खोक्यावर २०० मेगाबिट छापलेलं असलं, तर हातात निम्म्याहून कमीच पडेल असं धरून चालावं. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावावा. स्पाइक गार्डचं कामच चपळ थरथर मारणं हे असल्यामुळे तो इंटरनेटही गिळतो. बंगल्यात थ्री-फेज जोडणी असेल आणि दोन खोल्या दोन वेगळ्या फेजवर असतील, तर वेग पडतो. इन्व्हर्टरवरचं सॉकेट टाळलेलं बरं.

गावोगावच्या ब्रॉडबँडचं काय झालं? तिथे वीज कंपन्यांची तार मागे पडली आणि खांब पुढे आले. अमेरिकेतल्या चॅटनूगा शहराच्या वीज मंडळाने आपल्या जाळ्यासोबत फायबर नेलं आणि २०१०मध्ये गावभर १ गिगाबिटची सेवा देऊ केली. मनाससने हात टेकले ते हेच वर्ष. केरळच्या ‘के-फॉन’ने वीज मंडळाच्याच खांबांवरून फायबर ओढलं, २०२३मध्ये त्याचं उद्घाटन झालं. भारतातल्या अनेक उच्च दाबाच्या मनोऱ्यांच्या माथ्यावर आकाशातल्या विजेपासून बचावासाठी जी तार असते, तिच्या पोटातही आता काचेचे तंतू असतात. म्हणजे इंटरनेट विजेच्या वाटेनेच येतं, फक्त तांब्या-ॲल्युमिनियमवरून येत नाही.

राहिली एक अनपेक्षित जागा. पुणे-मुंबई रस्त्यावरच्या जलद चार्जिंग केंद्रात विजेवरची गाडी उभी राहते, भलीमोठी गन बॉनेटशेजारी किंवा मागच्या बाजूला खटकन बसते आणि पहिले काही सेकंद काहीच होत नाही. त्या वेळात गाडी आणि चार्जर बोलत असतात: बॅटरी किती भरली आहे, किती व्होल्ट चालतील, किती ॲंपिअर झेपतील. आपल्याकडे रूढ असलेल्या ‘सीसीएस-२’ पद्धतीत हा संवाद ‘होमप्लग ग्रीन पीएचवाय’ या, घरगुती अडॅप्टरच्याच धाकट्या भावंडातून होतो. गनमधल्या एका बारीक तारेवर हजार हर्ट्झचा संथ इशारा असतो आणि त्याच्यावर मेगाहर्ट्झमधलं संभाषण बसवलेलं असतं. अंतर काही मीटर, वाटून घेणारं कोणी नाही, वेगाची हाव नाही.

गळती मात्र इथेही सुटलेली नाही. शेजारी दुसरी गाडी चार्ज होत असेल, तर तिच्या तारेतलं बोलणं या तारेत ऐकू येतं, आणि गाडीने भलत्याच चार्जरशी सूत जुळवलं तर अनर्थ. म्हणून गाडी आधी एक चाचणी करते. ती काही ठरावीक हाका सोडते, आसपासचे सगळे चार्जर ‘तुझी हाक मला किती क्षीण ऐकू आली’ हे मोजून कळवतात, आणि ज्याला ती सर्वांत ठणठणीत ऐकू आली त्याच्याशीच गाडी पुढचं बोलणं करते. ते ठरलं, की वीज सुरू.